रिकाम्या नळीतले जंतू

गेल्या महिन्यात माझ्या परिचयाचे एक गृहस्थ बारा पानांचा रंगीत रिपोर्ट घेऊन दवाखान्यात आले. वय पंचावन्नच्या आसपास. चार महिन्यांपूर्वी मुलाकडे बंगळूरला गेले असताना मधुमेहाचे निदान झाले आणि तिथल्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली. त्यानंतर पोट बिघडले ते बिघडलेच. दिवसातून तीन-चार वेळा पातळ शौचाला जावे लागायचे. आजकालच्या रीतीप्रमाणे डॉक्टरांना विचारण्याआधी त्यांनी इंटरनेटला विचारले, आणि घरूनच शौचाचा नमुना पाठवून 'आतड्यांचे आरोग्य' सांगणारी एक चाचणी करून घेतली. चाचणी बरीच महागडी होती.

रिपोर्टात लाल रंगात छापले होते : 'फर्मिक्युट्स-बॅक्टेरॉयडिटिस गुणोत्तर : वाढलेले'. त्याखाली 'विविधता : कमी' आणि त्याखाली 'स्थूलतेकडे कल'. शेवटच्या पानावर सल्ला होता. ज्वारी आणि डाळी काही काळ बंद, आणि त्याच कंपनीची एक पावडर रोज दोन चमचे. गृहस्थांनी दीड महिना भाकरी आणि उसळ सोडली होती. पोट होते तसेच होते.

"डॉक्टर, हा रिपोर्ट खरा की खोटा?" त्यांनी विचारले.

प्रश्न सरळ होता, उत्तर सरळ नाही. मशीनने जे मोजले ते खोटे नसेल. पण जे मोजले त्याचा अर्थ काय, आणि तोच नमुना उद्या दुसऱ्या प्रयोगशाळेत दिला तर तेच उत्तर येईल का, हा वेगळा प्रश्न आहे. हा प्रश्न आपल्या शरीरातल्या सूक्ष्मजीवांच्या अभ्यासाइतकाच जुना आहे. आज त्याचीच गोष्ट सांगतो. थोडी लांब आहे, पण पैसे खर्च करण्याआधी वाचावी अशी आहे.

मिऱ्याच्या पाण्यापासून सुरुवात

शाळेच्या पुस्तकात लेवेनहूक तुम्हाला भेटलेला आहे. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी, ज्याने स्वतः घासलेल्या भिंगांतून सर्वप्रथम जिवाणू पाहिले. पुस्तकात नसते ती पुढची हकिकत. ऑक्टोबर 1676 मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला लांबलचक पत्र लिहिले : मिरी भिजवलेल्या पाण्यात मला अगणित अतिसूक्ष्म प्राणी दिसले. सोसायटीतल्या मंडळींनी आपल्याकडच्या सूक्ष्मदर्शकातून पाहिले. काहीच दिसेना.

लेवेनहूक आपली भिंगे कशी बनवतो, प्रकाश कसा पाडतो, हे कोणाला सांगत नसे. उलट त्याने पुरावा म्हणून आठ प्रतिष्ठितांच्या साक्षी पाठवल्या. त्यांत धर्मगुरू होते, नोटरी होता. आम्ही स्वतः पाहिले, असे त्यांनी लिहून दिले. साक्षी खऱ्या होत्या, पण सोसायटीला साक्ष नको होती, स्वतः पाहायचे होते. अखेर रॉबर्ट हूक कामाला लागला. त्याने मिऱ्याचे पाणी काही दिवस मुरू दिले, बारीक काचनळ्यांत भरले, चांगला सूक्ष्मदर्शक जुळवला, आणि नोव्हेंबर 1677 मध्ये सभासदांना ते प्राणी प्रत्यक्ष दाखवले. पत्र आल्यापासून वर्ष उलटून गेले होते.

पुढे 1683 मध्ये लेवेनहूकने स्वतःच्या दातांवरचे किटण खरवडून पाहिले आणि त्यातही वळवळणारे जीव सापडले. माणसाच्या अंगावरच्या सूक्ष्मजीवांचे हे पहिल्या काही वर्णनांपैकी एक. म्हणजे मायक्रोबायोम या विषयाचा जन्म आणि 'तुम्हाला दिसले ते आम्हाला का दिसत नाही?' ही तक्रार, दोन्ही जवळजवळ जुळी भावंडे.

एकास दहा

मधली दोनशे-अडीचशे वर्षे मी ओलांडतो. काच-बशीत जिवाणू वाढवण्याचे तंत्र आले, रोगजंतू सापडले, लशी निघाल्या. पण आतड्यातले बहुसंख्य जिवाणू हवेत जगत नाहीत आणि बशीत सहज वाढत नाहीत. त्यामुळे त्यांच्याविषयी खात्रीने फार थोडे माहीत होते, आणि जिथे खात्री नसते तिथे अंदाज ठाण मांडतो.

'माणसाच्या शरीरात त्याच्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात.' हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलेच असेल. मी स्वतः विद्यार्थ्यांना अनेक वर्षे शिकवले आहे. याचा उगम शोधत गेले की 1972 मधला थॉमस लकी यांचा एक लेख सापडतो. त्यात हिशोब असा : एक ग्रॅम मलात इतके इतके जिवाणू, आतड्यात साधारण एक लिटर ऐवज, करा गुणाकार. पण जिवाणूंची ही गर्दी फक्त मोठ्या आतड्यात असते आणि तिथला ऐवज अर्धा लिटरही नसतो. लहान आतड्यात आणि जठरात त्या मानाने शुकशुकाट. 1977 मध्ये हाच आकडा एका मान्यवर आढावा-लेखात आला आणि मग पुस्तकातून पुस्तकात फिरत राहिला. चाळीस वर्षांत कोणी मूळ गुणाकार तपासला नाही म्हणा, किंवा तपासला तरी कोणी ऐकले नाही.

2016 मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेतले रॉन सेंडर आणि रॉन मिलो यांनी टोरंटोच्या शाय फुक्स यांच्यासह हिशोब नव्याने मांडला. सत्तर किलोच्या पुरुषात साधारण 38 लाख कोटी जिवाणू आणि 30 लाख कोटी मानवी पेशी. म्हणजे जवळजवळ बरोबरी. सगळ्या जिवाणूंचे मिळून वजन सुमारे दोनशे ग्रॅम. दोन किलो वगैरे नव्हे. हा फरक इतका थोडा आहे की सकाळी एकदा पोट साफ झाले की पारडे आपल्या बाजूला झुकू शकते.

या चुकीने कोणाचे नुकसान झाले नाही. पण पुढे जे झाले त्याची ही रंगीत तालीम होती.

लठ्ठपणाचे गुणोत्तर

1977 मध्येच अमेरिकेत कार्ल वोज यांनी दाखवले की प्रत्येक जिवाणूत असलेल्या रायबोसोमच्या एका घटकावरून, ज्याला '16 एस' म्हणतात, त्याची जात-कुळी ओळखता येते. हे झाले जिवाणूचे ओळखपत्र. मग बशीत वाढवायची गरजच उरली नाही. नमुन्यातून डीएनए काढा, या ओळखपत्राच्या लाखो प्रती करा, मशीनने वाचा, आणि कोण किती हजर आहे याची यादी तयार. 2005 नंतर वाचन स्वस्त झाले आणि या विषयाला अक्षरशः पूर आला.

या पुराच्या तोंडाशी सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने दोन प्रयोग केले. लठ्ठ उंदरांचे आतड्यातले जिवाणू जंतुविरहित उंदरांत सोडले, तर त्या उंदरांत चरबी जास्त वाढली. आणि 12 लठ्ठ माणसांना वर्षभर आहारावर ठेवले तेव्हा वजन उतरताना फर्मिक्युट्स या गटाचे प्रमाण घटले आणि बॅक्टेरॉयडिटिसचे वाढले. 2006 साली 'नेचर'मध्ये हे प्रसिद्ध झाले. प्रयोग नेकीने केलेले होते, कल्पना सुंदर होती. पण माणसे बारा होती, हे विसरू नका.

जगाने हे विसरायला फार वेळ घेतला नाही. गुणोत्तराची बातमी झाली, बातमीचा नियम झाला. मग इतरांनी स्वतःच्या रुग्णांवर तपासले. कोणाला फरक सापडला, कोणाला नाही, आणि जर्मनीतल्या एका गटाला 2010 मध्ये नेमका उलटा सापडला. 2016 मध्ये मिशिगन विद्यापीठातले मार्क झे आणि पॅट्रिक श्लॉस यांनी दहा अभ्यासांची मूळ माहिती गोळा करून एकाच पद्धतीने पुन्हा तपासली. लठ्ठपणा आणि आतड्यातले जिवाणू यांचे नाते होते, पण अगदी क्षीण. एका अभ्यासावरून शिकवलेले गणित दुसऱ्या अभ्यासातल्या माणसांवर लावले, तर कोण लठ्ठ आणि कोण नाही हे ओळखण्यात ते नाणेफेकीपेक्षा फारसे सरस ठरले नाही. बहुतेक अभ्यासांत माणसेच इतकी कमी होती की छोटा फरक असता तरी दिसला नसता.

(आणि तसेही, माणूस लठ्ठ आहे की नाही हे कळायला वजनकाटा पुरतो, असे माझी आई म्हणाली असती.)

आमच्या गृहस्थांच्या रिपोर्टात लाल रंगात छापलेले गुणोत्तर ते हेच. दहा वर्षांपूर्वी ज्याची हवा गेली, ते आजही छापून विकले जाते.

किटमधले पाहुणे

आता या कथेतला मला सर्वांत आवडणारा भाग.

पॅथॉलॉजीची कोणतीही चांगली लॅब सकाळी रुग्णांचे रक्त लावण्याआधी मशीनला ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना देते. साखर 100 असलेला नमुना मशीनने 130 दाखवला, तर त्या दिवशीचे काम थांबते. त्याचबरोबर काहीच नसलेली नळीही तपासायची असते. रिकाम्या नळीत साखर सापडली, तर दोष रुग्णाचा नव्हे, नळीचा. ही शिस्त आमच्याकडे इतकी मुरलेली आहे की आम्ही तिचा विचारही करत नाही. मायक्रोबायोमच्या पहिल्या दहा वर्षांत मात्र पुष्कळ गटांनी रिकामी नळी तपासलीच नव्हती, किंवा तपासली तरी छापली नव्हती.

2014 मध्ये ब्रिटनमधल्या सुझाना सॉल्टर, अ‍ॅलन वॉकर आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. साल्मोनेला बोंगोरी नावाच्या एकाच जिवाणूचे शुद्ध द्रावण घेतले. ते दहापट पातळ केले, पुन्हा दहापट, पुन्हा दहापट. प्रत्येक पायरीचे नमुने लंडनचे इंपीरियल कॉलेज, बर्मिंगहॅम विद्यापीठ आणि केंब्रिजजवळची सँगर संस्था अशा तीन ठिकाणी तपासले. उत्तर सगळीकडे एकच यायला हवे होते : साल्मोनेला, दुसरे काही नाही. घट्ट द्रावणात तसेच आले. द्रावण पातळ होत गेले तसे परके जिवाणू दिसू लागले, आणि चार-पाच पायऱ्यांनंतर साल्मोनेला अल्पसंख्य झाला. तिन्ही ठिकाणचे परके वेगवेगळे.

हे आले कुठून? डीएनए काढायच्या किटमधून, त्यातल्या द्रावणांतून, पाण्यातून. कारखान्यातून निर्जंतुक होऊन आलेल्या बाटलीतही मेलेल्या जिवाणूंचा डीएनए उरतो. जिवाणू मेला तरी त्याचे ओळखपत्र शाबूत असते, आणि मशीन फक्त ओळखपत्र वाचते. सापडलेले पाहुणे बहुतांशी माती-पाण्यातले. त्यांत ब्रॅडीरायझोबियम होता. शेतकरी वाचकांना तो ठाऊक असेल. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणारा, पेरणीआधी बियाण्याला चोळतात त्या कुळातला. तो माणसाच्या शरीरात काय करतोय, हा प्रश्न कोणालाही पडायला हवा होता.

मलाच्या नमुन्यात जिवाणू इतके ठासून असतात की दोन-चार पाहुण्यांनी बिघडत नाही. पण रक्त, फुफ्फुस, गर्भजल, गाठीचा तुकडा अशा ठिकाणी मुळात जिवाणू नसतात किंवा नगण्य असतात. तिथे पाहुणेच घरमालक होऊन बसतात.

याच लेखात एक उदाहरण आहे. थायलंड-म्यानमार सीमेवरच्या माएला निर्वासित छावणीतल्या तान्ह्या मुलांच्या नाक-घशाचे नमुने तपासले होते. वय वाढते तसे जिवाणूंचे समाज बदलतात, असे सुरेख चित्र आले. नंतर लक्षात आले की वयाप्रमाणे नव्हे, तर किटच्या बॅचप्रमाणे चित्र बदलते आहे. नमुने ज्या क्रमाने काढले त्या क्रमात किटची खोकी बदलली होती. दुसऱ्या किटने पुन्हा डीएनए काढला आणि ते सुरेख चित्र विरून गेले. स्वतःच्या हातून झालेली गफलत अशी चव्हाट्यावर मांडायला धैर्य लागते. माझ्या मते त्या वर्षीचा या विषयातला सर्वांत उपयोगी लेख हाच.

वारेत काय असते?

योगायोग पाहा, त्याच 2014 साली ह्यूस्टनहून एक मोठी बातमी आली. कियर्स्टी आगार्ड यांच्या गटाने 320 वारांचे नमुने तपासून जाहीर केले की वारेत, म्हणजे प्लॅसेंटात, स्वतःचे जिवाणू असतात आणि ते तोंडातल्या जिवाणूंशी मिळतेजुळते आहेत. हा धक्का होता. 1885 मध्ये थिओडोर एशरिक यांनी नवजात बाळाची पहिली काळी शी जंतुविरहित असते असे दाखवल्यापासून गर्भाशयातले बाळ जंतूंपासून दूर असते हेच शिकवले जात होते. आता आईच्या हिरड्यांतून वारेत, वारेतून बाळात अशी साखळी लोक जोडू लागले.

गरोदर बाईच्या मनावर अशा बातमीचे काय होते हे मी पाहिले आहे. एका पेशंटने मला विचारले होते, सातव्या महिन्यात अपुऱ्या दिवसांचे बाळ झाले ते माझ्या दातांमुळे का? मुदतपूर्व प्रसूतीची कारणे अनेक, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. जिथे कारण सापडत नाही तिथे आई स्वतःला दोष देते. मी तिला नाही म्हणालो, पण ठामपणे नाही म्हणायला माझ्याकडे तेव्हा आधार नव्हता.

2016 मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या गटाने वारेचे नमुने आणि नुसते हवेत फिरवलेले कोरे स्वॅब शेजारी शेजारी ठेवून तपासले. दोन्हींत फरक करता येईना. आणि 2019 मध्ये केंब्रिजच्या गटाने 537 स्त्रियांच्या वारा घेऊन हा वाद जवळपास मिटवला. त्यांची पद्धत घरी समजावून सांगण्यासारखी आहे. तपासणी एकदा नव्हे, वेगवेगळ्या किटने पुन्हा केली. एका किटमध्ये दिसतो आणि दुसऱ्यात नाही तो जिवाणू किटचा. काही नमुन्यांत मोजून साल्मोनेला बोंगोरी आधीच मिसळला होता, यंत्रणेला खरा जिवाणू दिसतो की नाही हे कळायला. तो दिसला. बाकीचे जे दिसले ते किटचे, प्रयोगशाळेचे, किंवा प्रसूतीच्या वाटेवर चिकटलेले.

एक अपवाद उरला. सुमारे पाच टक्के वारांत स्ट्रेप्टोकॉकस अ‍ॅगॅलॅक्टी खरोखर होता. यालाच आम्ही ग्रुप बी स्ट्रेप म्हणतो. नवजात बाळाच्या रक्तात शिरला तर तो जीव घेऊ शकतो. आधी शेकडो खोट्या नावांच्या गर्दीत हा खरा धोका दिसतच नव्हता. यादीतून पाहुणे वजा केल्यावर तो एकटा समोर आला.

कर्करोगाची रक्तचाचणी

2020 मध्ये 'नेचर'मध्येच आणखी मोठा दावा आला. अमेरिकेत 33 प्रकारच्या कर्करोगांच्या हजारो गाठींचा डीएनए वाचून साठवलेला आहे. त्यात मानवी डीएनएबरोबर जिवाणूंचेही तुकडे सापडतात, प्रत्येक कर्करोगाची जिवाणू-खूण वेगळी असते, आणि रक्ताच्या थेंबावरूनही ती ओळखता येते, असे सॅन दिएगोच्या गटाने लिहिले. अचूकता डोळे दिपवणारी. रक्ताच्या चाचणीत कर्करोग लवकर सापडावा हे कोणाला नको आहे? या कल्पनेवर एक कंपनीही उभी राहिली.

2023 मध्ये ब्रिटनमधले अब्राहम गिहावी आणि जॉन्स हॉपकिन्सचे स्टीव्हन साल्झबर्ग यांच्या गटाने तीच माहिती उघडून पाहिली. इथे तर नळीचाही दोष नव्हता, दोष संगणकात होता. जिवाणूंच्या जनुकांचा जो संदर्भकोश वापरला, त्यातल्या कित्येक जिवाणूंच्या नोंदींत चुकून मानवी डीएनए मिसळलेला होता. त्यामुळे रुग्णाचाच डीएनए जिवाणू म्हणून मोजला गेला. शिवाय वेगवेगळ्या रुग्णालयांतले फरक समतल करण्यासाठी जे गणित केले, त्यानेच प्रत्येक कर्करोगावर नकळत एक छाप उमटवली. जिथे मूळ मोजणी शून्य होती तिथेही. एका दुर्मीळ कर्करोगाची महत्त्वाची खूण म्हणून पुढे आलेला विषाणू कोळंबीला होणारा निघाला. मूळ लेखकांनी आपली बाजू मांडली, वाद झाला, आणि जून 2024 मध्ये 'नेचर'ने तो लेख मागे घेतला. तोवर त्या माहितीवर बेतलेले इतर अनेक लेख छापून झाले होते.

हे वाचून 'सगळे संशोधन भोंगळ' असे म्हणण्याचा मोह होईल. पण एक लक्षात घ्या. ही चूक सापडली ती मूळ माहिती आणि संगणकाची कृती सर्वांसाठी खुली ठेवली होती म्हणून. लेवेनहूकप्रमाणे भिंग लपवले असते तर अजून कोळंबीचा विषाणू कर्करोगाच्या पुस्तकात असता.

नारळ, टोमॅटो आणि शिक्क्याचे वजन

मग दुरुस्ती कशी चालली आहे? थोडक्यात सांगतो, कारण हा भाग तांत्रिक आहे.

2017 मध्ये एकच नमुना अनेकांना वाटून पाहण्याचे दोन मोठे प्रयोग प्रसिद्ध झाले. एकात 15 प्रयोगशाळांनी नमुने हाताळले आणि 9 गटांनी आकडेमोड केली. दुसऱ्यात डीएनए काढायच्या 21 पद्धती तोलल्या. डीएनए कसा काढला यानेच उत्तरात सर्वाधिक फरक पडतो, असे या दुसऱ्यात दिसले. कारण साधे आहे. एका टोपलीत नारळ आणि टोमॅटो भरून टोपली जोरात हलवा आणि खाली गळलेला रस तपासा. टोपलीत फक्त टोमॅटो होते असेच वाटेल. काही जिवाणूंची भिंत नारळासारखी जाड असते. बारीक मण्यांबरोबर घुसळून ती फोडली नाही तर त्यांचा डीएनए बाहेरच येत नाही. आणि फर्मिक्युट्समध्ये असे जाड भिंतीचे पुष्कळ आहेत. म्हणजे तुमचे 'गुणोत्तर' तुमच्या आतड्याइतकेच घुसळणाऱ्या यंत्रावरही ठरते!

2021 मध्ये लेखकांनी काय काय जाहीर केलेच पाहिजे याची 'स्टॉर्म्स' नावाची यादी आली : नमुना किती वेळ बाहेर होता, किट कोणते, रिकाम्या नळीत काय सापडले वगैरे. आणि 2025 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, मानवी मलाचा प्रमाणित नमुनाच उपलब्ध करून दिला. शाकाहारी आणि मिश्राहारी दात्यांकडून घेतलेला, बारकाईने तपासलेला. वाण्याच्या किलोच्या वजनावर वजनमापे खात्याचा शिक्का असतो ना, तसे हे शिक्क्याचे वजन. लेवेनहूकपासून साडेतीनशे वर्षे झाली तेव्हा कुठे हे मिळाले.

तरीही एक अडचण शिक्क्याच्या वजनाने सुटत नाही. तुलना कोणाशी करायची? चीनच्या एकाच ग्वांगडोंग प्रांतातल्या 14 जिल्ह्यांतल्या सुमारे सात हजार लोकांचा अभ्यास 2018 मध्ये आला. माणूस कुठे राहतो याचा जिवाणूंवर सर्वाधिक प्रभाव दिसला, आणि एका जिल्ह्यात बसवलेले आजाराचे गणित दुसऱ्या जिल्ह्यात चालेना. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला हा जिवाणू ठळक असल्याचे दाखवले आहे. धान्य-डाळींवर वाढलेल्या माणसाची यादी पाश्चात्त्य शहरातल्या माणसाच्या यादीशी ताडली, तर लाल शेरा मिळणारच. तो आजार नव्हे, आहार आहे.

आणि जिथे परिणाम खरा आणि मोठा असतो, तिथे तो टिकतोही, हे न सांगणे अन्याय होईल. प्रतिजैविकांनंतर होणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या हटवादी जुलाबांवर निरोगी माणसाच्या मलाचे रोपण करतात. 2013 मधल्या हॉलंडच्या चाचणीत पहिल्याच रोपणानंतर 16 पैकी 13 रुग्ण बरे झाले. नुसत्या औषधाने 13 पैकी 4. त्यानंतर इतर देशांतही हा उपचार उपयोगी ठरला.

परत त्या रिपोर्टाकडे

आमच्या गृहस्थांना मी हे सगळे ऐकवले नाही; बाहेर पेशंट थांबले होते. मी एवढेच विचारले, मधुमेहाची गोळी कोणती? मेटफॉर्मिन, 1000 मिलिग्रॅम, दोन वेळा, साधी.

इथे इतिहासातला शेवटचा तुकडा जुळतो. 2012 मध्ये चीनमधून आणि 2013 मध्ये स्वीडनमधून मधुमेहींच्या आतड्यातल्या जिवाणूंच्या याद्या आल्या होत्या. दोन्ही म्हणत होत्या की मधुमेहींचे आतडे वेगळे असते, पण दोन याद्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. 2015 मध्ये माहिती एकत्र करून पाहिले तेव्हा कळले की त्यातला बराच फरक मधुमेहाचा नव्हताच. तो मेटफॉर्मिनचा होता. ही गोळी आतड्यातले जिवाणू बदलते. आणि तिने जुलाब होतात, हे तर एमबीबीएसच्या पोरांनाही ठाऊक असते. गृहस्थांच्या चाचणीच्या अर्जात औषधांचा रकानाच नव्हता.

गोळी हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारची करून दिली, कमी मात्रेत, रात्रीच्या जेवणाबरोबर. भाकरी-उसळ सुरू करायला सांगितले. पावडर बंद. तीन आठवड्यांत पोट ताळ्यावर आले. शौचाला रक्त पडणे, वजन आपोआप उतरणे, रात्री झोपेतून उठून जावे लागणे असे काही असते तर मी वेगळ्या तपासण्या सांगितल्या असत्या. तुम्हाला यातले काही होत असेल तर लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. अशा घरबसल्या चाचण्या रुग्णांनी स्वतःहून करून घेऊ नयेत, असे अनेक देशांतल्या तज्ज्ञांच्या गटानेही 2024 च्या अखेरीस 'लॅन्सेट'च्या पोटविकारांच्या नियतकालिकात स्पष्ट लिहिले आहे.

दुसऱ्या भेटीत वेळ होता, तेव्हा मी त्यांना रिकाम्या नळीची गोष्ट सांगितली. ते निवृत्त अभियंते. त्यांना ती फारच पटली. घरी जाऊन त्यांनी कंपनीला ईमेल केली : माझा नमुना तपासला त्या दिवशी कोरी नळी तपासली होती का, तिच्यात काय सापडले, आणि माझी तुलना कुठल्या लोकांशी केली? दोन दिवसांत उत्तर आले. पुढच्या चाचणीवर वीस टक्के सवलत होती.